एकाच दराचं मटण, पण कुठलं घ्यायचं?

२०१९च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून चक्क आंदोलन उभं राहिलं होतं. बाकीच्या महाराष्ट्राने त्यावर भरपूर विनोद केले. पण ज्या गावात पाहुणा आला की तांबडा-पांढरा रस्सा होतोच, तिथे किलोमागे शंभर रुपये वाढले की महिन्याचं गणित कोलमडतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. तेव्हापासून दर चढतेच आहेत. हिशेबाला सोपं म्हणून या लेखात आपण किलोला ८०० रुपये धरू. तुमच्या गावात थोडा कमी-जास्त असेल.

कमी पैशात चवदार मांस कसं निवडावं, यावर परदेशी व्हिडिओ पाहिले की एकच सल्ला मिळतो: महाग भाग सोडा, स्वस्त भाग घ्या आणि मंद आचेवर शिजवा. तिथे ते चालतं, कारण तिथे प्रत्येक भागाचा दर वेगळा असतो. आपल्याकडे बोकड आकड्याला टांगलेला असतो आणि पाटीवर दर एकच. मांडी घ्या, मान घ्या, बरगडी घ्या, किलोला तेच ८००. म्हणजे आपला प्रश्न वेगळा आहे. एकाच पैशात सत्तूर कुठे पडायला हवा, हा पहिला प्रश्न. आणि तराजूच्या बाहेर, नगावर किंवा वाट्यावर जे विकलं जातं त्यात काय दडलंय, हा दुसरा. खरी बचत या दुसऱ्यात आहे, पण त्याआधी मांस मऊ आणि वातड का होतं ते समजून घ्यायला हवं. ते कळलं की पुढचं सगळं आपोआप जुळतं.

वातड भागालाच चव का

शेळी दिवसभर काय करते? चालते, चढते, मान खाली घालून चरते, मान वर करून बाभळीचा पाला ओढते. म्हणजे मान, खांदा आणि पाय सतत कामात. पाठीच्या कण्यालगतचा स्नायू मात्र बऱ्यापैकी आरामात असतो. जो स्नायू जास्त राबतो त्याला बांधून ठेवणारं आवरणही जास्त लागतं. हे आवरण कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं असतं. तुकड्यावर दिसणारा पांढुरका पापुद्रा, मधले धागे, सांध्याजवळची चिवट पट्टी, हे सगळं त्यातच आलं. राबणाऱ्या स्नायूत रक्तासारखा लाल रंग देणारं मायोग्लोबिनही जास्त असतं, म्हणून तो गडद दिसतो आणि चवीलाही भरीव लागतो.

आता हे पातेल्यात गेल्यावर काय होतं ते पाहू. तापमान ६० ते ६५ अंशांच्या आसपास गेलं की स्नायूचे तंतू आखडायला लागतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून टाकतात. आपण म्हणतो, मटणाला पाणी सुटलं. या टप्प्यावर तुकडा काढून चावला तर रबर. इथेच बरेच जण घाबरतात, मटण वाईट निघालं म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतात, गॅस मोठा करतात. खरं तर अर्धंच काम झालेलं असतं. सत्तर अंशांच्या पुढे, पाण्याच्या सोबतीने आणि वेळ मिळाला तर, कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. ते तंतूंच्या मध्ये पसरतं, सुकलेल्या तुकड्याला पुन्हा ओलावा आल्यासारखं वाटतं, आणि उरलेलं रश्श्यात उतरतं. जेवल्यावर बोटं एकमेकांना चिकटतात, ते हेच.

मांडीत मांस भरपूर, पण मोठ्या गोळ्यांत कोलॅजन तुलनेने कमी. पाणी निघून गेल्यावर त्याची भरपाई करायला आत काही नसतं. म्हणून मांडीचा तुकडा जरा जास्त शिजला की चोथा होतो, आणि मानेचा तुकडा तेवढ्याच वेळात नुसता लुसलुशीत होतो.

वय हा याचाच दुसरा भाग. कोवळ्या जनावराचं कोलॅजन सैल असतं, लवकर विरघळतं. म्हाताऱ्या जनावरात त्याचे धागे एकमेकांत पक्के गुंतलेले असतात. त्यामुळे जून बोकडाचं मटण दुप्पट वेळ घेतं, पण रस्सा जास्त दमदार देतं. लोक कोवळ्याच्या मागे लागतात. सुक्या मटणाला ठीक आहे, पण निव्वळ रश्श्यासाठी मध्यम वयाचं जनावर मला जास्त पसंत आहे.

आणि शिट्ट्या मोजणं सोडा. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेगाने वाजते. गॅस मोठा असला तर पाच शिट्ट्या आठ मिनिटांत होतील, बारीक असला तर पंचवीस. कुकरच्या आत तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून उघड्या पातेल्यात दीड-दोन तास लागणारं काम लवकर होतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ पाहा: कोवळ्याला पंधरा-वीस मिनिटं, मान किंवा पायाची नळी असेल तर तीसेक. मग शिट्टी उचलून वाफ सोडू नका. दाब एकदम गेला की आतलं पाणी उसळतं आणि तुकड्यातला रस त्याच्यासोबत बाहेर. आपोआप बसू द्या. उघड्या पातेल्यात करत असाल तर ताटात पाणी ठेवून झाकायची आपली जुनी पद्धत उत्तम आहे. वाफ ताटाला लागून परत खाली पडते, आणि रस्सा वाढवायचा झाला तर वर कढत पाणी तयार असतं. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि वेळ वाढतो.

चरबीबद्दल जरा वेगळं

मांसाच्या आत संगमरवरासारख्या चरबीच्या रेघा बघून घ्या, हा सल्ला गोमांसाचा आहे. शेळीला तो लागू नाही. शेळी आपली चरबी स्नायूच्या आत फारशी साठवत नाही. ती मुख्यतः आतड्यांभोवती आणि गुर्द्याभोवती असते. तुमच्या पिशवीत जे पांढरे गोळे पडतात ते तिथलेच. बोकडाचा आणि मेंढ्याचा खास वास चरबीतच असतो. लाल मांसाची मूळ चव सगळ्या जनावरांत बरीचशी सारखी. कुठल्या जनावराचं आहे हे जिभेला कळतं ते मुख्यतः चरबीमुळे. म्हणून सगळी चरबी काढून टाकली तर मटण मटणासारखं लागत नाही. अर्ध्या किलोला दोन लहान तुकडे पुरेत. त्याहून जास्त म्हणजे ८०० रुपये दराने चरबी विकत घेणं. आलीच तर टाकू नका, बारीक कापून पातेल्यात वितळवा आणि त्यातच फोडणी करा. तेल वाचतं.

मेंढीच्या मटणात चरबी कातडीखालीही असते आणि वासही जास्त. हे मटण निम्न दर्जाचं असतं हा समज मात्र चुकीचा. पुण्याजवळच्या वाडेबोल्हाईच्या देवीचे भक्त शेळी वर्ज्य मानतात आणि मेंढीचंच खातात. ‘बोल्हाईचं मटण’ अशी पाटी दिसली तर ते मेंढीचं असतं, आणि लोक ते मागून खातात. शेळ्या-मेंढ्यांची चरबी लवकर गोठते. ताट गार झालं की टाळूला मेण लागल्यासारखं वाटतं, त्यामुळे कढत असतानाच जेवायचं.

सत्तूर कुठे पडायला हवा

आता दुकानात. एक हिशेब आधी करून टाकू, कारण तो थोडा अनपेक्षित आहे. समजा मांडीच्या एक किलोत २०० ग्रॅम हाड निघालं आणि सीना-गर्दनच्या, म्हणजे छाती-मानेच्या, किलोत ३०० ग्रॅम. तर निव्वळ मांसाचा दर मांडीत किलोला १००० रुपये पडला आणि सीना-गर्दनमध्ये ११४० च्या वर. म्हणजे एकच दर असताना फक्त मांस हवं असेल तर मांडीच स्वस्त! ‘हाडाचं घ्या, स्वस्त पडतं’ हे वाक्य आपल्या बाजारात सरसकट खरं नाही. ते खरं होतं रश्श्यापाशी. पाच माणसांच्या घरात अर्धा किलो मटण आलं तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार तुकडे येतात. पोट भरतं ते भाकरी आणि रश्श्यावर. आणि रस्सा मांडी देत नाही. तो देतात मान, सीना आणि नळी.

म्हणून आधी ठरवा, करायचं काय. सुकं किंवा फ्राय करायचं असेल, बिर्याणी असेल, तर निम्मी मांडी घ्या. रस्सा असेल तर मांडीचा नाद सोडा.

गर्दन हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. मणक्याच्या खाचाखोचांत मांस अडकलेलं असतं, चमच्याने निघत नाही, हातानेच खावं लागतं, म्हणून पाहुण्यांसमोर वाढायला लोक कचरतात. घरी खायचं असेल तर याच्याइतकं चवदार काही नाही. सीना म्हणजे छातीचा पुढचा भाग: हाड, कुरकुरीत कूर्चा आणि चरबीचा थर एकत्र. नळीत मगज असतो, आणि भोवतीचं पायाचं मांस शिजायला हट्टी पण शेवटी विरघळणारं. चाप, म्हणजे पाठीच्या फासळ्यांचे तुकडे, दिसायला सुंदर, तव्यावर पटकन होतात, पण मांस थोडं. बजेटच्या दिवशी नकोतच.

एकच भाग सांगायचा झाला तर मी पुढचा फरा सांगेन. खांद्यापासून खालचा हा भाग मांडीइतका कोरडा नाही आणि मानेइतका हाडाळही नाही. त्यात मांस पुरेसं, कोलॅजन पुरेसं. दुकानात सांगायचं ते असं: “मामा, अर्धा किलो रश्श्याचं. पुढचा फरा द्या, त्यात गर्दनचे तीन-चार तुकडे, दोन नळ्या. चरबी बाजूला काढा. तुकडे मोठे ठेवा.” मोठे यासाठी की बारीक तोडताना हाडाच्या कपच्या उडतात आणि त्या दाताखाली येतात. शिवाय मोठा तुकडा रस धरून ठेवतो.

रविवारी सकाळी साडेनऊला, मागे वीस माणसं उभी असताना, एवढं सांगायची हिंमत होत नाही हे मला माहीत आहे. तेव्हा मामांचा हात जिथे पडेल ते आपलं. बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी जा. गर्दी कमी, मामा निवांत, आणि दोन-तीनदा गेलात की न सांगता नळी पडायला लागते.

कोवळं-जून ओळखायचं तर रंग पाहा. कोवळं गुलाबीसर, जून गडद लाल. कोवळ्याची चरबी पांढरी आणि हाडाच्या कापावर लालसर झाक. फासळ्या बारीक असतील तर जनावर लहान. बोकड आहे की शेळी हे कळावं म्हणून अनेक दुकानदार टांगलेल्या धडाला खूण ठेवतातच; विचारायला लाजू नका.

आणल्यावर लगेच की उद्या?

सकाळी कापलेलं, दुपारी शिजवलं, तरी वातड. असं का होतं? जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात. ते ताठरलेले असतानाच कुकरमध्ये गेले तर मऊ व्हायला जास्त वेळ घेतात. थंड जागी ठेवलं तर मांसातलीच विकरं (एन्झाइम) त्यांना पुढच्या दिवसभरात पुन्हा सैल करतात. त्यामुळे पर्याय दोन. ताजं, अजून लवचीक असतानाच तडक चुलीवर चढवा. नाहीतर झाकून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात एक दिवस ठेवा. सगळ्यात वाईट म्हणजे दुकानातून आणून थेट फ्रीझरमध्ये टाकणं. ते वितळताना आणखी आखडतं आणि रस सोडतं. साठवायचंच असेल तर आधी एक दिवस फ्रिज, मग फ्रीझर.

दही लावून रात्रभर ठेवलं की मटण आतपर्यंत मऊ होतं, असं मानलं जातं. पण दह्याचा आंबटपणा वरच्या थरापलीकडे फारसा जात नाही. आत जातं ते मीठ, तेही हळूहळू, आणि ते तंतूंना पाणी धरून ठेवायला मदत करतं. म्हणून काहीच जमलं नाही तरी मीठ-हळद तासभर आधी चोळून ठेवा. कच्च्या पपईचं काम वेगळं. तिच्यातलं पपेन हे विकर प्रथिनं तोडतं, आणि सगळ्यात जोरात तोडतं ते मांस गरम होत असताना, ६०-७० अंशांच्या आसपास. जास्त घातली किंवा जास्त वेळ ठेवली तर वरचा थर पिठासारखा होतो आणि आतलं तसंच. अर्ध्या किलोला चमचाभर कीस, तासभर, बास. रश्श्याला तिची गरजच नाही, वेळ तेच काम करतो.

नगावर आणि वाट्यावर

खरी स्वस्ताई इथे आहे. मुंडी, पाये, वजडी (जठर-आतडी) यांचा दर तराजूवर क्वचितच असतो. बोलून ठरतो, आणि मांसाच्या मानाने फार कमी पडतो. गंमत अशी की यातलं निम्मं आता मोठ्या हॉटेलांत ‘स्पेशल’ म्हणून मिळतं.

पायांबद्दल सविस्तर सांगतो, कारण कोलॅजनचा एवढा साठा बोकडाच्या दुसऱ्या कुठल्याच भागात नाही. मांस जवळजवळ शून्य, पण कातडी, स्नायुबंध आणि सांधे, सगळं विरघळणारं. चार पायांचा संच घ्या, केस भाजून आणि तोडून द्यायला सांगा. घरी कढत पाण्यात घालून सुरीने खरवडा, खुरांच्या बेचक्यातली घाण नीट काढा, एकदा उकळून ते पाणी फेका. मग आलं, लसूण, हळद, मीठ, चार मिरी आणि भरपूर पाणी घालून कुकरमध्ये बारीक गॅसवर तासभर. किंवा रात्री जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आचेवर तीन-चार तास. गाळून ते पाणी फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी वर चरबीचं पांढरं झाकण आणि खाली थरथरणारी जेली. झाकण उचलून फोडणीला ठेवा. जेलीचे मोठे चौकोनी तुकडे करून डब्यात भरा आणि फ्रीझ करा. नुसत्या पाव किलो मटणाच्या रश्श्यात त्यातले दोन तुकडे घातले की तो किलोभराचा वाटतो. पांढरा रस्सा करायचा असेल तर हेच तुमचं अळणी पाणी. नारळाचं दूध, खसखस, काजू-तिळाचं वाटण घाला आणि मंद गरम करा.

हाड मोडलेल्याला पायाचं सूप देतात, त्यात कॅल्शियम असतं म्हणून. पण हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारच थोडं उतरतं. द्या, चांगलंच असतं, पण दूध आणि नाचणी बंद करून नको.

मुंडीत भेजा, जीभ आणि गालाचं मांस मिळतं. गाल दिवसभर रवंथ करतो, म्हणजे राबणारा स्नायू, आणि बोकडातलं सगळ्यात चवदार मांस तिथे आहे असं म्हटलं तर फार चूक नाही. भाजून, फोडून, साफ करून द्यायला सांगा. भेजा वेगळा ठेवा. बाकी शिजेपर्यंत त्याचं पाणी झालेलं असतं, तो शेवटच्या पाच मिनिटांत घालायचा.

वजडी स्वस्त, पण मेहनत मागते. कढत पाण्यात बुडवून आतला काळपट थर खरवडायचा, मीठ आणि बेसन लावून चोळायची, धुवायची, पुन्हा चोळायची. पहिल्या उकळीचं पाणी फेकलं की वास बराच जातो. मग कुकरमध्ये अर्धा-पाऊण तास आणि शेवटी कांदा-लसूण मसाल्यात खरपूस होईपर्यंत परतायची. साफ करून मिळत असेल तर दहा-वीस रुपये जास्त द्या, तेवढ्याचे श्रम नक्की वाचतात.

कलेजीचा नियम याच्या उलटा. तिच्यात विरघळायला कोलॅजन जवळजवळ नाही, म्हणून वेळ दिला की ती फक्त बिघडते. मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं, आतला गुलाबीपणा जाईपर्यंत, आणि उतरवा. बऱ्याच दुकानांत ती मटणाच्याच दराने मिळते, पण हाड नाही. म्हणजे ८०० ला पूर्ण किलो खाण्याजोगं. लोह भरपूर. अ जीवनसत्त्वही इतकं भरपूर की गरोदर बाईला वारंवार देऊ नये. दिल हा साधा स्नायूच आहे, लहान तुकडे करून मटणातच टाका. ओळखूही येत नाही.

हे सगळं ज्ञान ज्यांच्या घरातून आलं त्यांच्याकडे ते आवडीने आलेलं नव्हतं. मांडी आणि चाप ज्यांच्या वाट्याला कधी येऊ दिली नाहीत, त्या दलित वस्त्यांत रक्ती (शिजवलेलं रक्त), वजडी, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या हे रोजचं होतं, आणि काहीही वाया न घालवता चव कशी काढायची हे तिथल्या बायकांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आज ‘नोज टू टेल’, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत सगळं खाणं, म्हणून जे मिरवलं जातं ते त्यांनी नाव न देता केलं.

कोंबडी घेताना

इथे दर भागाप्रमाणे वेगळे आहेत, म्हणजे परदेशी सल्ला चालतो. बोनलेस छाती सगळ्यात महाग आणि सगळ्यात बेचव. तंगडीचं मांस गडद, ओलसर, जरा जास्त शिजलं तरी माफ करणारं.

पाटीवरचा दर जिवंत पक्ष्याचा आहे की साफ केलेल्याचा, हे विचारा. समजा जिवंत दर किलोला १५० आहे आणि पक्षी दोन किलोचा. तुम्ही ३०० दिले. कातडी, पिसं, आतडी, डोकं, पाय गेल्यावर हातात साधारण एक किलो ३०० ग्रॅम येतं. म्हणजे खरा दर २३० च्या आसपास. शेजारच्या दुकानात साफ केलेली २२० ने असेल तर तीच स्वस्त. आणि पूर्ण कोंबडी घेतली तर मान, पाठ आणि कलेजी-पेटा (पेटा म्हणजे कोंबडीचं जाड, स्नायूचं पोट) सोडून येऊ नका, त्यांचे पैसे तुम्ही दिलेले असतात. पाठ आणि मान उकळून सूप होतं. पेटा कुकरमध्ये मऊ करून परतला की भाकरीसोबत एका माणसाचं जेवण.

बॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते. इतक्या दिवसांत ती ना चाललेली असते, ना राबलेली. मांस मऊ, पण रश्श्याला दम नाही. गावरानला तो असतो, पण तिचा दर मटणाच्या दिशेने निघालाय, शिवाय गावरान म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक कोंबड्या संकरित असतात. मधला रस्ता म्हणजे लेअर: अंडी देऊन झालेली, साधारण दीड वर्षाची कोंबडी. वातड म्हणून लोक घेत नाहीत, त्यामुळे स्वस्त. सुकं करायला गेलात तर पस्तावाल. पण कुकरमध्ये पाऊण तास दिला की तिचा रस्सा गावरानच्या जवळ जातो.

श्रावणात मागणी पडते तेव्हा कोंबडीचा दर बहुधा उतरतो. आखाडाच्या शेवटच्या रविवारी आणि धुळवडीला रांगही मोठी आणि दरही ताठ. फ्रीझर असेल तर या दोन दिवसांचं चार दिवस आधी आणून ठेवा.

बोकड-कोंबडीपलीकडेही हिशेब तोच. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैल दोन्हींच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हशीच्या मांसावर नाही. ते मटणाच्या कितीतरी कमी दरात मिळतं, आणि नळीचा भाग रात्रभर मंद आचेवर ठेवून होणारी निहारी हा कोलॅजनचाच खेळ. गोव्यातलं सोरपोतेल डुकराच्या मांसासोबत दिल-कलेजी घालून होतं, आणि व्हिनेगरमुळे दोन-तीन दिवस मुरल्यावर जास्त रंगतं.

थोड्यात भागवायचं तर

मांस खमंग व्हायला १४० अंशांच्या वरचं तापमान लागतं. पातेल्यात पाणी आहे तोवर ते शंभरच्या पुढे जात नाही, आणि कुकरमध्येही १२०च्या आसपासच थांबतं. म्हणून कुकरमधलं मटण मऊ होतं, खमंग होत नाही. आपल्याकडे यावर फार हुशार तोडगा आहे: भाजायचं काम मटणाऐवजी कांदा-खोबऱ्यावर सोपवलेलं आहे. कांदा काळपट होईपर्यंत, खोबरं तांबूस होईपर्यंत नीट भाजलं तर पाव किलो मटणाच्या रश्श्यालाही भरपूर मांसाची चव येते. घाई करून कांदा नुसता गुलाबी परतला तर मटण कितीही घाला. वाटणावर वाचवलेली दहा मिनिटं सगळ्यात महाग पडतात.

मराठवाड्यात दालचा करतात. हाडाळ तुकडे, तूर किंवा हरभऱ्याची डाळ, दुधी, चिंच. पाव किलो गर्दनमध्ये सहा माणसं जेवतात आणि कुणालाही कमी पडलं असं वाटत नाही, कारण डाळीच्या प्रत्येक घासाला हाडाची चव असते. गर्दन आधी एकटी वीस मिनिटं शिजवून घ्या, मग डाळ घाला. एकदम घातलं तर डाळ लगदा होते आणि मांस कच्चं.

आणि खिमा. तयार ठेवलेला कधीही घेऊ नका, त्यात चरबी आणि आतलं काय काय गेलंय ते कळत नाही. पुढच्या फऱ्याचा तुकडा निवडून समोर हाड काढायला आणि कुटायला लावा, हाडं वेगळी बांधून मागा. यंत्रातून काढायचा तर एकदाच. दोनदा काढला की शिजल्यावर त्याची लापशी होते. पाव किलोत एक मोठा बटाटा आणि वाटीभर मटार गेले की चौघांचं भागतं, आणि बांधून आणलेल्या हाडांचा रस्सा दुसऱ्या दिवशीच्या भाताला होतो.